दीड ओळीची जागा

राऊत सरांना वाटेत कुणी "कसं काय?" विचारलं की तो फसलाच. सर खिशातलं पेन काढून म्हणत, "समजा..." समजा, शेजाऱ्याची शिडी तुमच्याकडून मोडली, तर काय म्हणाल? तलासरीच्या स्टँडवर त्यांनी एका कंडक्टरला विचारलं, समजा तुमचा पाय कुणाच्या पायावर पडला. "पुढे सरका म्हणेन," तो म्हणाला. सरांनी तेही उतरवून घेतलं.

आमच्या आश्रमशाळेत सर मराठी शिकवायचे आणि पीएच.डी. करायचे. घरी वारली बोलणारी मुलं मराठीत विनंती कशी करतात, माफी कशी मागतात, हा विषय. त्यासाठी प्रश्नावली, आणि प्रत्येक प्रसंगाखाली उत्तराला दीड ओळ. एक की दीड, यावर सरांनी माझी अख्खी उन्हाळ्याची सुट्टी खाल्ली.

विनंत्या भरभरून आल्या. माफीच्या ओळी मात्र बहुतेक कोऱ्या. सर चक्रावले. मी गणिताचा मास्तर; म्हणालो, कोरं म्हणजे शून्य, त्यात विचार कसला? सरांनी प्रबंधात लिहून टाकलं की या मुलांना माफी मागता येत नाही. ते वाचून मुख्याध्यापकांनी रोज प्रार्थनेनंतर 'मला माफ करा' घोकून घ्यायला सुरुवात केली.

पुढच्या वर्षी जुलैत सातवीतल्या सुगंधाच्या हातून सरांचा चष्मा फुटला. ती काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून सरांच्या खोलीबाहेरचं पिंप सकाळी भरलेलं असायचं. सरांना वाटलं, शिपाई भरतो. आठवड्याने मुख्याध्यापकांनी तिला सगळ्यांसमोर उभं केलं आणि माफी माग म्हणाले. ती गप्पच. संध्याकाळी बाप येऊन तिला गावी, रानशेतला घेऊन गेला.

पिंप रिकामं राहिलं तेव्हा ते कोण भरत होतं हे सरांच्या लक्षात आलं. आम्ही दोघं रानशेतला गेलो. तिची आई शेतात होती.

"बोलून काय करायचा, सर?" ती म्हणाली. "पाणी भरत होती ना तुमचा."

सरांनी चपला काढल्या, पँट दुमडली आणि चिखलात उतरून भात लावायला लागले. रोपं वाकडीतिकडी पडत होती. सुगंधा मुकाट्याने मागून येऊन ती नीट खोचत होती.

सरांनी प्रबंध मागे घेतला. सुगंधा काही शाळेत परतली नाही. शून्य खरं तर मी दिलं होतं, आणि त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी चपला घालून बांधावर उभा होतो. खाली उतरलो नाही, याची मला अजून लाज वाटते.