चुन्याची पट्टी

हुसेनचाचा कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीवर बोटाचं पेर वाजवायचे, कान लावायचे, घराचं उरलेलं आयुष्य सांगायचे आणि मगच पाणी मागायचे. "पाटील, ह्या भिंतीला धा पावसाळे हायेत. लेकीचं लगीन त्याच्या आत उरका." बारशाला बोलावलं तरी हा गवंडी घराचा बारावा घालून यायचा. त्यामुळं परंड्याजवळच्या आमच्या गावात त्यांना सहसा कुणी बोलवत नसे.

मी शाळामास्तर. सरकारनं बांधलेली सिमेंटची नवी खोली त्यांना कौतुकानं दाखवली. त्यांनी पेर वाजवलं. "मास्तर, तिसऱ्या पावसाळ्यात पोरं भाईर बसवा." मी हसलो. तिसऱ्या पावसाळ्यात पोरं देवळाच्या ओवरीत बसली आणि चाचा मुद्दाम तिथं येऊन म्हणाले, "भिंत खोटं बोलत न्हाय."

त्यांचा सगळा जीव गावाच्या खालच्या अंगाच्या मशिदीत. तीन कमानी, काळा दगड, वर बुटका घुमट. त्यांच्या पणज्यानं बांधलेली. महिनाभर घाण्यात दळलेला चुना, त्यात गूळ, बेलफळाचं पाणी, उडदाची डाळ. "आमचे लोक उपाशी ऱ्हायले, पण भिंतीला जेवू घातलं," असं ते सांगत.

मधली कमान बोटभर डावीकडं कललेली. माथ्याचा दगड बसल्याशिवाय कमान सोडायची नाही, हा गवंड्यांचा रिवाज. तो दगड बसवत असतानाच पणज्याचा लेक पटकीनं गेल्याचा निरोप आला. पणजा खाली उतरला नाही. "हात जरा हालला आसंल," चाचा म्हणत, आणि त्या चुकीवरून हळूच हात फिरवत.

त्याच कमानीला तडा होता. तड्यावर आडवी चुन्याची पट्टी लावायची. भिंत सरकली तर पट्टी तुटते, म्हणजे आधी कळतं. दर शुक्रवारी पट्टी बघायची, मग बांग द्यायची, असा त्यांचा नेम. बांग ऐकून येणारं कुणी नव्हतं. अठ्ठेचाळीसच्या पोलिस ॲक्शननंतर गावातली नऊ मुसलमान घरं सोलापूरला निघून गेली होती. कशी गेली ते मला माहीत आहे. आम्ही दारं लावून आत बसलो होतो. त्याची लाज अजून वाटते.

चाचांचा धाकटा भाऊ रसूलही त्यातच गेला. माझं शिक्षण निजामाच्या काळात उर्दूत झालेलं, म्हणून त्याला पत्रं मी लिहायचो. मजकूर ठरलेला. "लिवा, मशीद धड हाय. पट्टी शाबूत हाय." रसूलचं उत्तरही ठरलेलं: मशीद उभी आहे तोवर कधीतरी परत येऊ.

"मशीद पडली तर त्यानं कशापायी यायचं, मास्तर?" चाचा विचारायचे.

एका शुक्रवारी रसूलचं पत्र आलं म्हणून मी जरा लवकरच मशिदीत गेलो. चाचा शिडीवर होते. मधोमध तुटलेली पट्टी खरवडून काढत होते. खाली ओला चुना कालवून ठेवलेला. कोपऱ्यात जुन्या पट्ट्यांच्या तुकड्यांचा ढीग होता, चांगला गुडघाभर.

मला चिडवायची सवय. तोंडून निघून गेलं, "चाचा, भिंत खोटं बोलत नाही ना?"

"भिंत न्हाय बोलत," ते वळून न बघता म्हणाले. "म्या बोलतो."

नवी पट्टी लावून ते खाली उतरले. मी विचारलं, "ह्या मशिदीचे किती पावसाळे राहिले?"

त्यांनी धोतराला हात पुसले. सगळ्या गावाच्या भिंती वाजवलेलं ते पेर त्यांनी मुठीत मिटून घेतलं.

"हिला म्या कदी वाजवून बघितलं न्हाय, मास्तर."

मग ते पायरीवर बसले. मी खिशातलं कोरं कार्ड काढून गुडघ्यावर ठेवलं.

"लिवा, पट्टी शाबूत हाय."

मी लिहिलं. ते खोटंही नव्हतं. पट्टी शाबूत होती, अजून ओली होती.