आंगठा न देणारे पास

सिंधूबाईच्या दारावर टकटक केली की दार उघडत नाय, आधी आवाज येतो. "कोण तू? कशासाठी आलास? घरी कुणाला सांगून आलास?" तिन्ही उत्तरं नीट आली तरच कडी निघती. दूधवाला रोज सकाळी शाळेतल्या पोरावानी म्हनतो, "मी गणेश, दूध घालायला आलो, बायकोला सांगून आलो." गॅसवाल्याला काय हे जमलं नाय, तर बाईंनी चार दिवस स्टोव्हवर सैपाक केला.

मी पयल्यांदा गेलो तवा आतून "कोण?" आलं आन् मी घाबरून म्हनलो, "मी नाय."

आतनं बाई म्हनल्या, "बरं. मग जो आहे त्याला पाठव."

बाई माझ्या शेजारीन. शहराच्या कडंला, जिथं माझा आजा मेंढरं चारायचा, तिथं आता प्लॉटिंग झालंय. दगडाला चुना फासून नंबर टाकलेत. तिथं आमची दोघांची घरं, मधी एकच भिंत. बाईंनी सारी उमर कोर्टाबाहेर लिंबाखाली टाइपरायटर लावून लोकांचे अर्ज टाइप केले. वकील न्हवत्या, पर नवे वकील त्यांनाच इचारून आत जायचे. मग कॉम्प्युटर आले, रस्ता रुंद करताना लिंब बी गेला, आन् बाई घरी बसल्या.

मी भानुदास. जीप चालवतो. शाळा मी बाहेरूनच पाह्यली, ती बी मेंढरं हाकताना.

एका दुष्काळात एका संस्थेनं वस्त्यांवर कायद्याचे वर्ग काढले व्हते. आमची मेंढरंवाली मानसं पान्यामागं परक्या शिवारात जायची, आन् गावात कुनाची मोटर चोरीला गेली की पयले आमालाच उचलायचे. तर वर्गात सांगायचे, धरायला आले तर कारन इचारा, घरी कळवायला लावा, चोवीस तासात कोर्टापुढं न्यायला पायजे, वकील फुकट मिळतो, आन् कोऱ्या कागदावर आंगठा द्यायचा नाय. मास्तरांना मीच न्यायचो. म्हनून सगळे वर्ग मी ऐकलेत, निम्मे झोपेत.

दोन वर्षांनी पुण्याच्या साहेबांना पाह्यचं व्हतं की हे कुनाच्या डोक्यात राह्यलं का. त्याला मूल्यमापन म्हनतात. ते काम बाईंना मिळालं, आन् बाईंमुळं मला.

बाईंची तऱ्हा येगळी. "आठवतंय का असं विचारलं की माणूस हो म्हणतो," त्या म्हनायच्या. "धरून बघायचं." म्हनून त्यांनी मला खोटा शिपाई केला. खाकी शर्ट ड्रायव्हरचा व्हताच, पोट व्हतं, मिशी व्हती. बाकी काय लागत नाय म्हनल्या.

एका वस्तीवर म्हातारीनं मला खराच शिपाई समजून कोंबडी आनून दिली. मी घेतली. बाईंनी वहीत म्हातारीला शून्य टाकलं, खाली माझं नाव लिहून मला बी शून्य टाकलं. कोंबडी परत देताना ती मला टोचून गेली.

एकदा गाडीत बाई एकदम म्हनल्या, "भानुदास, बकरी तू चोरलीस?"

"व्हय."

"आणि मोटारसायकल?"

"ती बी."

"अरे, इतके वर्ग ऐकलेस! कारण का नाही विचारलंस?"

"बाई, तुमी इतक्या जीव लावून इचारत व्हत्या, मला नाय म्हनवंना."

ते दिवस आता आठवले की मला सपान पाह्यल्यावानी वाटतं. त्या साली बी पाऊस न्हवता, पैठणकडं धरनाचं पानी लई मागं सरलं व्हतं. जिथं बोट चालायची तिथनं माझी जीप जायची. भुईला भेगा, वर पांढरं आभाळ, आन् लांब मेंढरं अशी दिसायची की कोनी धूर सोडलाय आन् तो चरतोय. उन्हात पुढं पानी चमकायचं. आमी गेलो की ते मागं सरकायचं. मला वाटायचं आपन बुडालेलो हाये आन् तळातनं चाललोय. बाईंच्या मांडीवर फॉर्मांचा गठ्ठा, डोळे अर्धे मिटलेले.

त्या तळातच एक वस्ती उतरली व्हती. पाच-सा पालं. पयल्या पालापुढं ठकूबाई नावाची बाई लोकर निवडत बसलेली.

मी पोट पुढं काढलं. "ए, चल गाडीत बस."

तिनं मान बी वर केली नाय. "कशापायी?"

"चोरी."

"कंची? तक्रार कुनी दिली? आन् तुझ्या छातीवर नावाची पाटी का नाय?"

मी छातीवर हात ठिवला. "मी... भानुदास."

"कुनाचा?"

"गंगारामचा."

आता तिनं वर पाह्यलं. "लग्नात घोड्यावरनं पडला तो? आरं, मी तुझ्या बापाची चुलतबहीन!" मग हसू आवरून पुन्हा सरळ झाली. "दिस बुडाया आला. बाईमानसाला आता नेता येत नाय. सकाळी ये, आन् संगं बाई शिपाई आन."

सिंधूबाईंना मी आयुष्यात पयल्यांदा टाळ्या वाजवताना पाह्यलं.

मग फॉर्म निघाला. चार पानं, शेवटी आंगठ्याची चौकट. ठकूआत्यानं सगळं वाचून घेतलं आन् एका जागी बोट ठिवलं. "हे रिकामं काय?"

"कार्यालयीन शेरा. तो साहेब भरणार."

"काय भरनार?"

बाईंनी फॉर्म उलटापालटा करून पाह्यला.

ठकूआत्यानं दोन्ही हात पाठीमागं घेतले. "मंग आंगठा नाय. तुमच्याच मास्तरांनी सांगितलंय." तिच्यामागं साऱ्या वस्तीनं हात पाठीमागं घेतले. मी म्हनलो, त्या जागंवर रेघ मारू. पर रेघ मारली की फॉर्म बाद, असं खालीच छापलेलं.

आता गंमत बघा. ज्या गावात वर्गाला कुत्रं बी आलं न्हवतं, तिथं सगळ्यांनी पटापट आंगठे दिले व्हते. त्यात माझी सासुरवाडी बी व्हती. एका फॉर्मवर तर माझाच आंगठा निघाला. कवा दिला, मला म्हाईत नाय.

शहरात क्रांती चौकाजवळ संस्थेची खोली व्हती. बाईंनी पुण्याहून आलेल्या साहेबांपुढं दोन गठ्ठे मांडले. "ह्यांनी अंगठे दिले, हे नापास. ह्यांनी दिले नाहीत, हे पास."

साहेब भला मानूस. डोकं खाजवत म्हनला, "बाई, मला पटतंय हो. पण वर काय सांगू? बिनअंगठ्याचा फॉर्म मोजतच नाहीत. ही वस्ती रिकामी दिसली तर इथले सगळे वर्ग बंद होतील. सोमवारपर्यंत तेवढे अंगठे आणा."

बाईंनी गठ्ठा उचलला आन् खाली उतरल्या.

शुक्रवारी आमी पुन्हा तळात उतरलो. मला वाटलं, आंगठे घ्यायलाच चाललोय. अर्ध्या वाटंत बाई काचंबाहेर पाहत बोलाया लागल्या. मला सांगत व्हत्या का कुनाला, कळंना.

"माझ्याकडं कोरे कागद यायचे. खाली अंगठा आधीच उमटलेला. आणणारा सांगायचा आणि मी वर टाइप करायचे, मी स्वखुशीने कबूल करतो की. ओळी अंगठ्यापर्यंत बरोबर बसवाव्या लागतात, भानुदास. मध्ये जागा उरली की संशय येतो. माझ्याइतकं नीट कुणाला बसवता यायचं नाही. म्हणून माझ्याकडंच यायचे."

पुढं मोठी भेग आली, मी जीप वळवून घेतली.

"एका अंगठ्यावर आडवा वण होता. कातरीचा. मेंढरं कातरणारा असणार."

"कोन व्हता बाई?"

"मी फक्त अंगठा पाहिला रे."

येरवी मी बोलन्यात मागं नाय. तवा मी गिअर बदलला. गरज न्हवती.

वस्तीवर पोचलो तर बाया वळीनं हुब्या. चूक माझीच. फोनवर मी नातेवाईकांत बोलून गेलो व्हतो की वर्ग बंद व्हनार, आन् आमच्या बाईंचं काम जानार. ठकूआत्या पुढं आली. तिनं तव्याची काजळी आंगठ्याला फासली व्हती. मागच्या समद्यांचे आंगठे तसेच काळे.

"आना तो कागद," ती म्हनली. "शाई आसंल नसंल म्हनून तयारीच करून ठिवली."

बाई वरडल्या, "कागद वाचलास का आजचा?"

"तुमचा कागद काय वाचायचा, बाई? तुमी आमच्या."

बाईंनी तिचा आंगठा मुठीत धरला आन् तिथंच भेगाळल्या भुईवर बसल्या. ठकूआत्याला बी बसावं लागलं.

"माझाच वाचायचा, ठकूबाई. सगळ्यांत आधी माझाच."

सोमवारी फॉर्म बिनआंगठ्याचेच गेले आन् वर्ग बंद झाले. आता बाई कवा येष्टीनं, कवा माझ्या जीपनं, वस्ती जिथं आसंल तिथं जातात आन् एकट्याच शिकवतात. पर ते मागनं. त्या दिशी बाई उठल्याच नायत. त्यांनी पदराचं टोक घेतलं, जिभंनं वलं केलं, आन् ठकूआत्याचा आंगठा पुसला. मग दुसरीचा. मग तिसरीचा. परत्येक आंगठा उजेडाकडं धरून आधी नीट पाह्यच्या, मग मान वर करून तिचं तोंड पाह्यच्या, नाव इचारायच्या, आन् मग पुसायच्या. मेंढरं आमच्याभवती येऊन हुबी राह्यली. पदर पार काळा झाला.

सगळ्यात शेवटी मी बी हात पुढं केला. माझ्या आंगठ्याला काजळी न्हवती. बाईंनी माझं तोंड पाह्यलं, नाव इचारलं, आन् तो बी पुसला.