सीटखाली सापडलेल्या वस्तूंची यादी

रविवार, ४ फेब्रुवारी. आकाश स्वच्छ, वारा पडलेला, सकाळी हवेत किंचित गारवा. गाडी साफ करायला याहून चांगला दिवस मिळणार नाही असं सापडलेरावांनी बरोबर आठ वाजता ठरवलं आणि घरामागच्या शेडच्या खांबाला पाटी बांधली : ‘कारचं बारकाईनं डिटेलिंग करून मिळेल. फक्त रविवारी. दिवसाला एकच गाडी.’

सापडलेराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. बस डेपोत हरवल्या-सापडल्या वस्तूंच्या खिडकीमागे बसून त्यांना बावीस वर्षं झाली होती, आणि तेवढ्या काळात खरं नाव कुठेतरी बसमध्येच राहून गेलं होतं. बसमध्ये सापडलेली प्रत्येक वस्तू त्यांच्याकडे यायची. ते तिला क्रमांक द्यायचे, वहीत तिचं वर्णन लिहायचे, तिला पिवळी चिठ्ठी बांधायचे आणि फळीवर ठेवायचे. न्यायला सहसा कोणी फिरकत नसे. जे येत ते वस्तू काखोटीला मारून वळूनही न बघता निघून जात. बावीस वर्षांत ‘वा, काय काम केलंत!’ असं त्यांना एकदाही कोणी म्हटलं नव्हतं. (एका बाईनं एकदा ‘शाब्बास रे माझ्या राजा’ म्हटलं होतं, पण ते शेवटच्या बसमध्ये सापडलेल्या कुत्र्याला.)

आणि मग जानेवारीत एके दिवशी त्यांनी सहज म्हणून आपली चौदा वर्षांची जुनी गाडी जुन्या टूथब्रशनं घासली. एसीच्या जाळीत कान साफ करायची कापसाची काडी फिरवली, टायरच्या खाचांतले खडे सुईनं काढले. रस्त्यानं जाणारा एक अनोळखी माणूस थांबला आणि म्हणाला, “नवीन घेतली वाटतं?”

बस्स. त्या तीन शब्दांनी घात केला.

“गाडी धुण्याचा धंदा म्हणा की सरळ,” बायको म्हणाली.

“धुणं वेगळं, डिटेलिंग वेगळं. धुण्यात गाडीवरची धूळ जाते.”

“आणि डिटेलिंगमध्ये?”

“सगळीकडची जाते.”

“आणि रविवारही जातो. शेडही जाते.”

खरा प्रश्न शेडचा होता. शेड बायकोला शिवणाच्या क्लाससाठी हवी होती. चार बायकांनी नावं नोंदवली होती आणि त्यांतली एक तर मशीन घेऊनही बसली होती. शेवटी करार झाला. तीन रविवार, तीन गाड्या. तिन्ही गिऱ्हाइकांनी न विचारता, आपण होऊन ‘पुन्हा आणतो’ म्हटलं तर शेड सापडलेरावांची. एकानं जरी म्हटलं नाही तर शेड शिवणाची.

“‘छान झाली’ म्हटलं तर चालेल?”

“अजिबात नाही. ‘छान’ लोक दवाखान्यातल्या चहालाही म्हणतात.”

पहिली गाडी आली समोरच्या दातांच्या डॉक्टरांची. सापडलेराव तिच्यावर सात तास राबले. पाना घेऊन पुढच्या दोन्ही सीटा उचकटून अंगणात ठेवल्या. (लांबून बघणाऱ्याला वाटावं, डॉक्टरांनी अंगणातच दवाखान्याची वेटिंग रूम उघडली आहे.) सीटांखाली जे जे निघालं ते त्यांनी, बावीस वर्षांच्या सवयीनं, चादरीवर ओळीनं मांडलं, मोजलं आणि लिहून काढलं. दोन प्रती. खाली ‘वरील वस्तू मिळाल्या’ आणि सहीची जागा.

संध्याकाळी डॉक्टर बायकोला घेऊन गाडी न्यायला आले. वाचायचा चष्मा घरी राहिला होता म्हणून ते म्हणाले, “तुम्हीच वाचा.”

सापडलेरावांनी घसा साफ केला. “पेन, निळं, एक. नाणी, पाच. स्क्रू, एक, कशाचा ते समजत नाही. टॉफीचे रिकामे कागद, त्रेसष्ट.”

“किती?” डॉक्टरांची बायको म्हणाली.

“त्रेसष्ट. दोनदा मोजलेत.”

“पेशंटचे असतील,” डॉक्टर म्हणाले.

“पेशंटला तुम्ही गाडीत घेऊन फिरता?”

“सगळे ड्रायव्हरच्या सीटखाली होते,” सापडलेराव मदतीला धावले. (वस्तू कुठे मिळाली हे सांगितल्याशिवाय नोंद पुरी होत नाही.)

“माझ्या पन्नासाव्या वाढदिवसाला,” डॉक्टरांची बायको एकेक शब्द चावत म्हणाली, “या माणसानं मला केकचा दुसरा तुकडा खाऊ दिला नाही. दाढ किडेल म्हणाला!”

डॉक्टरांनी सही केली, सापडलेरावांकडे एकदा असं बघितलं, जणू बधिर न करता दाढ काढताहेत, आणि गाडी काढली.

“गेली शेड,” बायको म्हणाली.

पण मंगळवारी डॉक्टरांची बायकोच दारात हजर. “भाऊ, पुढच्या महिन्यात गाडी मी पुन्हा आणते हं. धुतली नाहीत तरी चालेल. यादी तेवढी करा.”

सापडलेरावांनी बायकोकडे बघितलं. बायकोनं छताकडे बघितलं. “गाडी तिचीही आहे. धरा एक,” ती म्हणाली.

रविवार, ११ फेब्रुवारी. वारा सुटलेला, धूळ बरीच. ही गाडी बायकोच्या थोरल्या भावाची, म्हणजे दादाची. दादा निवृत्त झाल्यापासून रोज पहाटे गाडी घेऊन मैदानावर जात आणि पाच किलोमीटर चालत. निदान सगळ्या नातेवाइकांना तसं सांगत. ‘तुम्हीही चाला हो भावजी, पोट बघा जरा’ हे त्यांचं वाक्य सापडलेरावांनी आठ वर्षं ऐकलं होतं.

“आज यादी मोठ्यानं वाचायची नाही,” बायकोनं बजावलं.

“नाही वाचत.”

वाचली नाहीच. पाकिटात घातली, पाकीट चिकटवलं आणि दादा गाडी घेऊन निघाल्यावर लक्षात आलं की पाकीट द्यायचंच राहिलं. काम अर्धवट सोडणं रक्तात नव्हतं. सायकल काढली, चार गल्ल्या ओलांडून दादांचं घर गाठलं. दार वहिनींनी उघडलं. दादा अजून पेट्रोल पंपावर.

अर्ध्या तासानं वहिनींचा फोन आला. बायकोनं फोन कानापासून वीतभर लांब धरला, तरी खोलीभर ऐकू येत होतं.

“उशी, एक! पातळ रजई, एक! गजराचं घड्याळ, पावणेसातला लावलेलं! आणि चालायचे बूट, जोड एक, तळव्याला दुकानाचं लेबल तसंच! अगं, मी रोज पहाटे उठून त्यांच्यासाठी लिंबूपाणी करते! दमून येतात म्हणून! आणि हे गाडीत घोरत पडलेले असतात!”

“वहिनी, तो दादाचा—”

“तुझ्या नवऱ्याला सांग, पुढच्या महिन्यात मी पुन्हा आणते गाडी. ह्यांना न सांगता.”

फोन ठेवून बायकोनं दोन बोटं वर केली. भाऊ तिचा होता, पण शब्दाला ती पक्की होती. “दोन,” ती म्हणाली.

सापडलेराव मात्र खूश दिसेनात. “डॅशबोर्डबद्दल काही म्हणाल्या का गं?”

“कसला डॅशबोर्ड?”

“दोन तास नुसता डॅशबोर्ड घासला होता मी. एसीच्या जाळीची एकेक पट्टी कापसाच्या काडीनं… जाऊ दे.”

तिसऱ्या रविवारची गाडी डेपो मॅनेजरसाहेबांची. इथे एक जुनं दुखणं सांगायला हवं. साडेचार वर्षांपूर्वी सापडलेरावांच्या फळीवरून एक छत्री नाहीशी झाली होती. नोंद क्रमांक ४१२. छत्री, जांभळी, एक, मूठ पोपटाच्या डोक्याची. तपासणीत ती मिळाली नाही आणि मॅनेजरसाहेबांनी सापडलेरावांना मेमो दिला. सापडलेरावांनी तीन पानी खुलासा दिला, घरी एक अक्षरही न सांगता रजा टाकून चार दिवस फळ्या उपसल्या, पण छत्री मिळाली नाही. इतरांच्या वह्यांत पानंच्या पानं गाळलेली असत. सापडलेरावांच्या बावीस वर्षांच्या वह्यांत एवढीच एक ओळ कोरी होती. ते उठता बसता तिच्यावर बोट फिरवत, जीभ पडलेल्या दातावर जाते तशी.

रविवार, १८ फेब्रुवारी. ढगाळ, उकाडा, पाऊस नाही. साडेदहा वाजता सापडलेरावांनी साहेबांच्या गाडीची मागची सीट उचलली आणि खाली पोपट दिसला.

पोपट त्यांच्याकडे बघत होता. गळ्यात पिवळी चिठ्ठी होती. चिठ्ठीवर त्यांच्याच अक्षरात ४१२.

सापडलेराव सीट नसलेल्या गाडीत मांडी घालून बसले, छत्री मांडीवर घेऊन. पंधरा मिनिटं बसले. मग उठून पुन्हा कामाला लागले, आणि असे लागले की तसे आजवर लागले नव्हते. दुपारचं जेवणही त्यांनी उभ्यानं केलं.

पाच वाजता साहेब आले. गाडीभोवती त्यांनी एक चक्कर मारली. मग दुसरी. दार उघडून डॅशबोर्डवर बोट फिरवलं आणि ते बोट उजेडात धरून बघितलं. एसीच्या जाळीत वाकून पाहिलं. बायको स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होती.

“वा!” साहेब म्हणाले. “काय काम केलंत, सापडले! या जाळीत हात कसा घातलात? गाडी घेतली तेव्हाही एवढी चकाकत नव्हती. ते काही नाही, दर महिन्याला इथेच आणणार मी.”

तीन झाले. खिडकीत बायकोनं कपाळाला हात लावला. बावीस वर्षं ज्या वाक्याची वाट बघितली ते वाक्य अंगणात आलं होतं, वर शेड घेऊन आलं होतं. आता नमस्कार करायचा आणि घरात जायचं, एवढंच उरलं होतं. यादी खिशात होती. खिशाला कोणी विचारत नव्हतं.

सापडलेरावांनी खिशात हात घातला. हात बाहेर काढला. पुन्हा घातला.

“साहेब, वस्तूंची यादी राहिली. इथे सही लागेल.”

साहेबांनी हसत हसत यादी घेतली. पाच वस्तूंपर्यंत ते हसत होते. सहावीला थांबले.

“सापडले… ही छत्री…”

“चारशे बारा.”

“त्या संध्याकाळी पाऊस होता हो. म्हटलं, उद्या परत ठेवू. दुसऱ्या दिवशी विसरलो, आणि पुढच्याच आठवड्यात तपासणी आली. मग कोणत्या तोंडानं आणून ठेवणार?”

“मग मला मेमो आला.”

“तो… मीच दिला होता, नाही का?”

“हो. सही तुमचीच आहे. सुवाच्य आहे.”

साहेबांनी खिशातून पेन काढलं. वरच्या प्रतीवर सही केली, खालच्या प्रतीवर सही केली. छत्री सापडलेरावांच्या हातात दिली. गाडीत बसले, काच खाली केली.

“पुढच्या महिन्याचं काय ते… बघतो,” म्हणाले, आणि गेले.

बायको पदराला हात पुसत बाहेर आली. “‘बघतो’ म्हणजे नाही.”

“माहीत आहे.”

“आधी ‘आणणार’ म्हणाले होते. मी ऐकलं. तो कागद काढला नसतात तर शेड तुमची होती.”

“वहीतली ओळ कोरी राहिली असती.”

बायको त्यांच्याकडे बघतच राहिली. काहीतरी चांगलं बोलायला तिनं तोंड उघडलं, (आणि त्यांना ते ऐकायला आवडलं असतं,) पण तेवढ्यात तिचं लक्ष त्यांच्या हातातल्या पोपटाकडे गेलं.

“अहो! ही तर माझी छत्री!”

“कशावरून?” सापडलेरावांच्या तोंडून सवयीनं निघालं.

“कशावरून काय कशावरून! घेतली त्याच दिवशी दारावर आपटून याची चोच तुटली होती. तुम्हीच नाही का ती डिंकानं चिकटवून दिलीत, पेपर वाचता वाचता? आणि चौथ्या दिवशी मी ती बसमध्ये विसरले. घरी आल्या आल्या तुम्हाला सांगितलंसुद्धा!”

“मग मी काय म्हणालो?”

“‘वर्णन लेखी दे’ म्हणालात.”

“मग तू दिलं नाहीस?”

“म्हटलं, नवरा आहे, त्याला काय वर्णन द्यायचं!”

सापडलेरावांनी पोपटाची चोच अंगठ्यानं चाचपली. त्यांना वहीतली ती नोंद शब्दन्‌शब्द पाठ होती : ‘पोपटाची चोच पूर्वी तुटून चिकटवलेली. चिकटकाम सुबक.’

सोमवार, १९ फेब्रुवारी. ढग गेले, ऊन लख्ख. सकाळी नऊ वाजता शेडमध्ये चार शिवणयंत्रं लागली. साडेदहाला डेपोत नोंद क्रमांक ४१२ ची ओळ भरली गेली : छत्री, जांभळी, एक. सापडल्याची तारीख ३ ऑगस्ट. मालकिणीचा शोध लागायला लागलेला वेळ : चार वर्षं, सहा महिने, सोळा दिवस. मालकिणीचा पत्ता : कारकुनाचं राहतं घर.