डॉ. हॅगर्टी यांची कामातून मुक्ती

पोटापाण्याच्या उद्योगातून लवकरात लवकर सुटका करून घेणे हेच सुशिक्षित माणसाचे अंतिम कर्तव्य होय. आमच्या वेको गावचे दंतवैद्य वेंडेल हॅगर्टी यांना ते बावन्नाव्या वर्षी, डॅलसच्या एका हॉटेलातल्या दोन दिवसांच्या शिबिरात (दुपारचे जेवण फीमध्ये) उमगले.

योजना निर्दोष होती. चाळीस जणांचे पैसे एकत्र करायचे, वर बँकेचे कर्ज काढायचे, दूरच्या टल्सा शहरात शहाण्णव फ्लॅटांची इमारत घ्यायची आणि मग भाड्यातला वाटा सगळ्यांनी घरबसल्या खायचा. इमारतींचा पूर्वानुभव: नाही. दातांचा: सव्वीस वर्षे. ‘मुळाशी जाऊन काम करण्याची सवय,’ असे माहितीपत्रकात नमूद होते.

गुंतवणूकदार त्यांनी खुर्चीतच मिळवले. तोंडात दोन नळ्या असताना मीही होकार दिला. निदान त्यांनी तसा अर्थ लावला. त्यांची सहायक नोरीन पासष्टीला टेकलेली. तिने म्हातारपणाची सगळी पुंजी काढली.

“डॉक्टर, बुडणार नाही ना?”

“अगं, इमारत आहे ती. होडी नाही.”

दवाखाना विकून डॉक्टर मुक्त झाले. एप्रिलमध्ये टल्सात लिंबाएवढ्या गारा पडल्या. छपराची चाळण झाली, वरच्या मजल्यावरच्या बावीस बिऱ्हाडांनी गाशा गुंडाळला. आम्हाला पत्र आले: ‘वाट्याचे वाटप तात्पुरते स्थगित असून मालमत्ता निसर्गाच्या अधिक निकट आली आहे.’

पत्र वाचून नोरीनने गाडी काढली आणि पाच तास हाकत थेट टल्सा गाठले. डॉक्टर चौदा नंबरातला तुंबलेला संडास मोकळा करत होते.

“याला घरबसल्याचं उत्पन्न म्हणायचं का हो?”

“घरीच तर बसलोय,” डॉक्टर खाली मान घालून म्हणाले. “महिनाभर इथेच राहतोय. प्लंबर उधारीवर येत नाही.”

नोरीनची शिव्यांची तयारी रस्ताभर झाली होती. त्या गिळून तिने बाह्या सरसावल्या.

“सरका. तुम्हाला मेलं हेही धड जमत नाही.”

अखेर इमारत बँकेने नेली. डॉक्टर आता दुसऱ्याच्या दवाखान्यात पगारावर दाढा काढतात. शेजारी नोरीन उभी असते. तिची निवृत्तीही तात्पुरती स्थगित आहे.

लोकांनी सावध व्हावे म्हणून मी ही हकिकत पुष्कळांना सांगितली. सगळे हळहळले, नोरीनसाठी तर दोघांनी डोळे पुसले. आणि मग प्रत्येकाने, आत्ता तुमच्या जिभेवर आहे तोच प्रश्न विचारला:

“पण छप्पर पक्कं असतं, तर किती टक्के सुटले असते हो?”