गाव कापलेलं चित्र

चौकट चार बोटं आखूड झाली, हे फ्रेमवाल्याच्या लक्षात आलं तेव्हा प्रदर्शन उघडायला जेमतेम तास उरला होता. नवी चौकट करायची तर अर्धा दिवस हवा. चित्राला मात्र एक ब्लेड पुरतं. चित्र होतं कागदावरचं, निवृत्त ड्रॉइंगमास्तरांचं: बैलगाडी, डोक्यावर बोचकी घेऊन निघालेली माणसं, लांबच लांब रस्ता आणि उजव्या कडेला त्यांचं गाव. मास्तरांनी त्यावर तीन वर्षं खर्ची घातली होती, आणि अडुसष्टाव्या वर्षी त्यांचं हे पहिलंच प्रदर्शन. फ्रेमवाल्याने देवाचं नाव घेतलं आणि गाव उडवलं.

"अहो, मग ही माणसं चाललीत कुठं?" बायकोने विचारलं.

"पोचतील कुठंतरी. तू खिळे दे."

हॉलमध्ये चित्र टांगून तो सटकणार, तोच मास्तरांनी त्याला चहाला थांबवलं. पाहुण्यांच्या गडबडीत त्यांनी अजून चित्र पाहिलं नव्हतं. तेवढ्यात एक समीक्षक चित्रापुढे येऊन उभे राहिले. जन्मात एक रेघ न ओढता दुसऱ्याची कुठे चुकली ते सांगायचं, हा त्यांचा व्यवसाय. फ्रेमवाल्याची पाचावर धारण बसली.

"मास्तर, यांचं गाव कुठं आहे?"

मास्तर वळले आणि पांढरेफटक पडले. मग त्यांनी फ्रेमवाल्याकडे असं पाहिलं, की त्याने मुकाट्याने हात जोडले. पंचवीस वर्षांचं गिऱ्हाईक गेलं, वर गावभर अब्रूही जाणार.

"गावच नाही!" समीक्षक ओरडले. "माणूस जन्मभर चालतो आणि गाव चौकटीबाहेर राहतं! काय धाडस! सुचलं कसं तुम्हाला?"

हॉलभर माना डोलू लागल्या. ज्यांना बैल आणि रेडा यांतला फरक सांगता आला नसता, त्यांनाही नसलेलं गाव स्पष्ट दिसू लागलं. एका बाईंनी तर डोळे पुसले.

मास्तरांनी घसा खाकरला. "तीन वर्षं लागली हो," ते नम्रपणे म्हणाले, "गाव काढून टाकायची हिंमत व्हायला."

फ्रेमवाल्याचा जीव भांड्यात पडला. पण पाठोपाठ रागही आला. हिंमत कोणाची, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडतंय तोच मास्तर हजर. काखेत जुन्या चित्रांची गुंडाळी.

"झालं गेलं विसरू आपण. यातली नदी काढ, त्यातली म्हातारी काढ. चारचार बोटं उडव सगळ्यांची. संध्याकाळी न्यायला येतो."

फ्रेमवाल्याने एकेक चित्र उलगडून बराच वेळ न्याहाळलं.

"असं घाईघाईत नाही व्हायचं, मास्तर," तो म्हणाला. "काय कापायचं, ते आतून यावं लागतं. ठेवून जा. सुचलं की कळवतो."