प्रूफवाले यंत्र घेतात

"उद्यापासून कागद बंद," प्रूफवाल्यांनी नाश्त्याच्या टेबलावर जाहीर केले, आणि बायकोच्या हातातला कप तोंडाशी जाता जाता थांबला.

तिला आश्चर्य वाटणे साहजिकच होते. या माणसाने सगळी हयात छापखान्यात प्रुफे तपासण्यात घालवलेली. घरी लग्नाची पत्रिका आली तरी आधी लाल पेन शोधणार आणि मग तारीख बघणार. म्हणूनच तर सगळी गल्ली त्यांना प्रूफवाले म्हणत असे. निवृत्तीनंतर त्यांना जिओकॅशिंगचा नाद लागला, तेव्हाही घरात कागदाचा खच पडायचा तो पडलाच.

खेळ तसा साधा. कोणीतरी एखादी डबी बाकाखाली नाहीतर भिंतीच्या फटीत लपवतो, ती जागा अक्षांश-रेखांशांसह इंटरनेटवर टाकतो, आणि बाकीचे रिकामटेकडे ती हुडकत फिरतात. सापडली की आतल्या चिठोऱ्यावर आपले नाव लिहायचे आणि डबी होती तिथे परत ठेवायची. बक्षीस वगैरे काही नाही. प्रूफवाले शनिवारी नकाशे आणि खुणा छापून काढत आणि रविवारी मेहुण्याला घेऊन निघत. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, निवृत्त पोस्टमन.

"एकदम कागदावर का हो राग?" बायकोने विचारले.

"जग कुठं चाललंय बघ जरा. नकाशा, खुणा, सगळं आता यंत्रात मावतं. कागद म्हणजे झाडांची कत्तल."

"मग जन्मभर कत्तलखान्यातच नोकरी केलीत की!"

प्रूफवाल्यांनी चहा संपवला. खरे कारण त्यांना सांगायचे नव्हते. गेल्या काही महिन्यांपासून ते ज्याच्याकडे बघतील त्याच्या मधोमध एक राखाडी डाग पडत होता. भिंत दिसे, तिच्यावरचे घड्याळ दिसत नसे. ओळीची सुरुवात दिसे, शेवट दिसे, मधला मजकूर गायब. ते एकटेच गुपचूप डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आले होते. डॉक्टर म्हणाले, कडा राहतील, मधले गेले ते गेले, चष्मा बदलून उपयोग नाही. म्हणजे चालता-फिरता येत होते, पण वाचायच्या नावाने शून्य. बायकोच्या चेहऱ्याच्या जागीही आता केस आणि कानातले तेवढे उरले होते. या गोष्टीचे त्यांना फार दुःख होते, आणि ते बोलायला घरात दुसरे कोणी नव्हते.

बायकोला सांगायची मात्र सोय नव्हती. ती मागेच म्हणाली होती, "तुमचे हातपाय नाहीतर डोळे थकले, की घर विकायचं आणि लेकीकडे जायचं. मला एकटीला झेपायचं नाही." लेक अकराव्या मजल्यावर राहत होती. तिच्या गॅलरीत एक वेताची खुर्ची होती आणि जावई तिला आत्तापासूनच 'बाबांची खुर्ची' म्हणत असे. त्या खुर्चीत बसून, न दिसणाऱ्या रस्त्याकडे बघत मरायची प्रूफवाल्यांना भीती वाटत होती. रविवार सुटला की खुर्ची आलीच, हे त्यांनी ओळखले होते.

तर यंत्र घ्यायला नवरा-बायको आणि मेहुणा असे तिघे दुकानात गेले. दुकानदार तरतरीत होता. त्याने चकचकीत फोन पुढे केला. "काका, याचा स्क्रीन बघा. काय शार्प आहे!"

प्रूफवाल्यांनी फोन हातात घेतला. त्यांना चौकट दिसली आणि चौकटीत धुके. "उन्हात काही दिसणार नाही यात," ते म्हणाले.

"पण आपण सावलीत आहोत काका."

"सावलीत डबे कोण लपवतं?"

दुसरा फोन त्यांनी फार गुळगुळीत म्हणून नाकारला. तिसरा फार हलका होता. चौथ्यावर दुकानदाराने अक्षरे मोठी करून दिली. "वाचून बघा, आता तर कुणालाही वाचता येईल!"

"म्हणजे मी म्हातारा झालो असं म्हणायचंय तुम्हाला?" प्रूफवाले कडाडले आणि त्यांनी तो फोन मेहुण्याच्या हातात कोंबला. "तू वाच!"

मेहुण्याने खणखणीत आवाजात वाचले, मग विचारले, "किंमत काय म्हणालात?"

दुकानदाराने सांगितली. थोड्या वेळाने मेहुण्याने पुन्हा विचारली. आणखी थोड्या वेळाने पुन्हा. दुकानदाराला वाटले, गिऱ्हाईक मुरलेले दिसते. त्याने आपण होऊन किंमत उतरवली. मेहुणा घासाघीस इतकी छान करतो हे प्रूफवाल्यांना आजवर माहीत नव्हते.

शेवटी दुकानदाराने कपाटातून एक काळे, जाडजूड, रबरी बटणांचे ठोकळ्यासारखे यंत्र काढले. "हे फक्त जागा शोधायचं. पाण्यात पडलं तरी चालतं. खुणा सगळ्या आत भरून देतो. आणि ठिकाण जवळ आलं की वाजतं. जितकं जवळ तितकं जोरात."

"वाजतं?" प्रूफवाल्यांचा जीव भांड्यात पडला. "हेच द्या!"

"यावर फोन येतो का हो?" बायकोने विचारले.

"नाही."

"मग हरवलात तर?"

"हरवू नये म्हणूनच तर यंत्र घेतोय!"

बायकोने पिशवीतून पैसे काढून दिले. तिच्या चेहऱ्यावर काय होते ते प्रूफवाल्यांना दिसण्याचा प्रश्नच नव्हता. रविवारी आपले फोन प्रूफवाल्यांनी आणि मेहुण्याने आधीपासूनच घरी ठेवायची सवय लावून घेतली होती, खेळात व्यत्यय नको म्हणून. बायकोने फक्त दुकानातून निघताना भावाला बाजूला घेऊन बराच वेळ काहीतरी सांगितले. प्रूफवाल्यांना वाटले, भाजीचे सांगत असेल.

रविवारी दोघे बसने शहराच्या दुसऱ्या टोकाला उतरले. यंत्राने कमाल केली. आधी लांबून एखादी टिकटिक, मग वळणावर जरा घाईची. मेहुणा पडद्यावरची खूण वाचून दाखवत होता, "वाचनालयाच्या अंगणात, उभं राहून बोलायच्या जागी, खाली." दोन-तीनदा त्याने हेच वाचून दाखवले. "कळलं रे!" प्रूफवाले खेकसले. पण मनातून ते खूश होते. कित्येक दिवसांनी ते पुढे होते आणि दुसरा मागे.

वाचनालयाच्या अंगणात खुर्च्या मांडलेल्या होत्या आणि बरीच माणसे चिडीचूप बसली होती. प्रूफवाल्यांना वाटले, व्याख्यान असेल. ते शेवटच्या रांगेकडे वळले तोच यंत्र वाजले. टीक. सगळ्यांनी माना वळवल्या. टीक, टीक.

"बंद कर ते!" प्रूफवाले कुजबुजले. कोणते बटण ते त्यांना दिसत नव्हते.

मेहुण्याने एक बटण दाबले. आवाज वाढला. "हे नाही वाटतं," म्हणून त्याने दुसरे दाबले, काही झाले नाही, मग थोडा विचार करून पुन्हा पहिलेच दाबले. आवाज आणखी वाढला. प्रूफवाल्यांनी यंत्र हिसकावून काखेत दाबले आणि मुकाट्याने खुर्ची गाठली. टिकटिक कोटाच्या आत गुदमरत राहिली.

ती शोकसभा होती. समोर व्यासपीठावरच्या टेबलावर हार घातलेली तसबीर होती. प्रूफवाल्यांना हार स्वच्छ दिसला, चौकट दिसली, मधले माणूस तेवढे नव्हते. उठून जावे असे त्यांच्या मनात आले, तेवढ्यात शेजारी कोणीतरी हुंदका दिला. बघतात तो मेहुणाच. नुसता हुंदका नव्हे, तो ओक्साबोक्शी रडू लागला.

"अरे, काय चाललंय हे?"

"गेले हो," मेहुणा म्हणाला. "गेले, आणि आपल्याला पत्ताच नाही!"

असे रडणारा माणूस आयोजकांच्या नजरेतून सुटणे शक्यच नव्हते. एक गृहस्थ वाकून अदबीने म्हणाले, "आपला फार जवळचा संबंध दिसतोय. दोन शब्द बोलाल का?" मेहुण्याला बोलवेना. त्याने प्रूफवाल्यांकडे बोट केले. त्या गृहस्थांनी प्रूफवाल्यांना हाताला धरून उठवले आणि व्यासपीठापाशी नेलेच.

नाही म्हटले असते तर चार प्रश्न आले असते. कोण, कुठले, कशाला आलात. प्रूफवाल्यांनी घसा साफ केला. आयुष्यभर त्यांनी मृत्युलेखांची प्रुफे वाचली होती, त्यामुळे मजकुराची वानवा नव्हती.

"काय बोलू? असा दिलदार गृहस्थ पुन्हा होणे नाही. भारदस्त आवाज, करारी मुद्रा. या तसबिरीकडे बघा, ती नजर अजूनही आपल्याला जाब विचारते आहे. त्यांच्या मागे त्यांची पत्नी—"

लोक एकमेकांकडे बघू लागले. पहिल्या रांगेतून एक बाई हळूच म्हणाली, "ती माझी आई आहे."

प्रूफवाल्यांनी घाईने हात जोडले. फोटो नीट बघतो आहोत असे दाखवायला ते टेबलाकडे एक पाऊल सरकले, आणि त्याच क्षणी काखेतले यंत्र न थांबता किंचाळू लागले. डबी त्या व्यासपीठाच्याच खाली होती.

"अहो, हार्टचं मशीन वाजतंय त्यांचं!" कोणीतरी ओरडले.

मग काय विचारता. खुर्च्या सरकल्या. चौघांनी प्रूफवाल्यांना उचलून आडवे केले, कोणी पाणी मारले, कोणी बूट काढले. "दुःखानं भ्रमिष्ट झाले हो," एक आजी म्हणाल्या. प्रूफवाल्यांनी क्षणभर विचार केला. डोळे गेलेला माणूस होण्यापेक्षा हृदयरोगी होणे बरे. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि बारीकसे कण्हले. व्यासपीठापासून लांब नेल्यावर यंत्र आपोआप मंदावले, तेव्हा सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

"घरी फोन करू या. नंबर सांगा," गृहस्थ म्हणाले.

"नको!" प्रूफवाले ताडकन उठून बसले. "आता एकदम बरं वाटतंय."

गेलेल्या बाईंची मुलगी स्वतः त्यांना बसथांब्यापर्यंत सोडायला आली. तिने रागाचा एक शब्द काढला नाही. उलट मेहुण्याचा हात धरून म्हणाली, "आईसाठी इतकं कुणीच रडलं नाही हो. मीसुद्धा नाही." ती गेल्यावर प्रूफवाल्यांना आपली भयंकर लाज वाटली.

लाज वाटली की माणूस दुसऱ्यावर डाफरतो. "कोण होती ती तुझी? एवढा गळा काढायला काय झालं होतं?"

मेहुणा थांब्याच्या बाकावर टेकला. मग म्हणाला, "माहीत नाही, दाजी. हल्ली ओळखीचं कोण आणि अनोळखी कोण, हेच मला कळत नाही. माणसं नमस्कार करतात, मी पण करतो. आज वाटलं, आपलंच कोणीतरी गेलं असेल आणि मी विसरलो असेन. न रडता बसलो असतो तर किती वाईट दिसलं असतं."

प्रूफवाले त्याच्या शेजारी टेकले. दुकानातली घासाघीस, पुन्हा पुन्हा वाचलेली खूण, पुन्हा पुन्हा दाबलेले बटण, सगळे एका ओळीत लागले. गावभर घरोघरी पत्रे पोचवलेला माणूस बसथांब्यावर दोन्ही हात मांडीवर ठेवून बसला होता आणि घर कुठल्या दिशेला हे त्याला ठाऊक नव्हते.

लांबून एक बस आली. "नंबर वाच बरं," प्रूफवाले म्हणाले.

"सव्वीस. आपली कुठली?"

"सतरा."

बस निघून गेली. मेहुण्याने विचारले, "आपली कुठली, दाजी?"

"सतरा," प्रूफवाले या वेळी हळू आवाजात म्हणाले. मग, ज्याला सांगितले तरी चालेल असा जगात हा एकच माणूस आहे असे वाटून, त्यांनी सगळे सांगून टाकले. राखाडी डाग, डॉक्टर, लेकीच्या गॅलरीतली खुर्ची. "मला तुझा चेहरासुद्धा दिसत नाही रे."

"हां!" मेहुण्याने एकदम मांडीवर थाप मारली. "तेच तर! ताईनं सांगितलंय ना मला. ह्यांना दिसत नाही, ह्यांचा हात सोडू नको, रस्ता ओलांडताना बघ, आणि मला कळलंय हे त्यांना कळू देऊ नको, रविवारचा तेवढाच त्यांना आनंद आहे म्हणाली."

"कधी? कधी सांगितलं तुला?"

"ते नाही आठवत," मेहुणा ओशाळून म्हणाला. "दुकानात असेल. पण आधीही सांगितलं असेल. मी विसरतो ना."

प्रूफवाल्यांच्या आता लक्षात आले. म्हणजे तिला सगळे माहीत होते. आणि तरी घर विकायचे तिने पुन्हा नावही काढले नव्हते. तिने फक्त त्यांच्यासाठी एक राखणदार नेमला होता, आणि आपला राखणदार कसा आहे हे मात्र तिला माहीत नव्हते. ते तिला सांगायचे की नाही? सांगितले तर रविवार दोघांचाही गेला. न सांगितले तर उद्या हा एकटा घराबाहेर पडेल आणि परत यायचा नाही. सांगावे लागणार होते. त्यांच्या छातीत कळ आली, आणि ती खरी होती.

"हे बघ," ते म्हणाले, "ताईशी मी बोलतो. सगळं मीच बोलतो. तू तिला यातलं काही सांगू नकोस."

"कशातलं?" मेहुण्याने विचारले.

तो थट्टा करत नव्हता. प्रूफवाल्यांनी चाचपून त्याचा हात शोधला आणि घट्ट धरला.

"काही नाही. बस आली वाटतं. कितवी आहे बघ."

"सतरा," मेहुणा म्हणाला. "आपली कुठली?"

"हीच," प्रूफवाले म्हणाले. "चढ आधी तू. मी आहे मागे."