मानाची पहिली खुर्ची

दाजीसाहेब कुठल्याही खोलीत शिरण्याआधी उंबऱ्यावर काठी आपटत. स्वतःच्या घरातसुद्धा. "आत कोणी विराजमान असतील, तर वर्दी नको द्यायला?" हे 'कोणी' म्हणजे साप.

होळकर दरबारात कुणी कुठे बसायचं, हे ठरवण्यात त्यांची हयात गेली. संस्थान मध्यभारतात विलीन झालं, मानकरी घरी बसले. पण दाजीसाहेबांची सवय जाते कुठे! त्यांनी जगातल्या विषारी सापांचा दरबार भरवला. रोज संध्याकाळी, आमच्या शेजारच्या ओट्यावर.

"आफ्रिकेचे मांबाजी! घोडा मागे पडेल, भिया! आणि नागराजजी उभे राहिले, तर सरळ माझ्या डोळ्याला डोळा. ऑस्ट्रेलियाचे तायपानजी तर... बस, पूछो मत!"

मांबाबरोबर घोडा कुणी पळवला होता, हे विचारायची आमची छाती नव्हती. अंगावर काटा यायचा. सराफ्यात कचोरी खायला निघालेले लोकही ओट्यापाशी थबकत.

पण मानाची पहिली खुर्ची यांतल्या कुणालाच नव्हती. ती मण्यारीची.

"आपली सांवेरच्या शेतातली मण्यार?" मी एकदा म्हटलं. "तायपानच्या वर?"

"तायपानजी सात समुद्रापार. ही अंथरुणात येते. फणा नाही, फूत्कार नाही. जमिनीवर निजलेल्या माणसाला डसते, तरी त्याची झोप मोडत नाही. ऐसी अदब कुणाची आहे, भिया?" एवढं बोलून ते उठून गेले.

माझं लग्न नवं होतं. पावसाळ्यात एकदा बायको बाहेरची झाली, तेव्हा रिवाजाप्रमाणे आईनं तिला मागच्या पडवीत जमिनीवर चटई दिली. मधल्या भिंतीवरून दाजीसाहेबांना ती दिसली असावी. दिवेलागणीला ते मागच्या दारानं आले. काठी वाजली नाही, कारण काठी हातात नव्हतीच. डोक्यावर बाज होती.

"सूनबाई, यावर नीज."

"अहो भावजी, विटाळेल ना ती!" आई ओरडली.

दाजीसाहेबांनी बाज खाली टेकवली. दम लागला होता. "आमच्या घरी हा नियम मीच कडक पाळायचो, वहिनी. आमच्या हिनं एकदा खाट मागितली होती. मी म्हटलं, तीन दिवसांचा तर प्रश्न. सकाळी ती चटईवरून उठलीच नाही." मग हळूच म्हणाले, "बाज धुता येते, वहिनी."

विटाळाचा विचार न करता आईनं खाली वाकून ती चटई स्वतः उचलली आणि बाजेवर अंथरली.

दाजीसाहेब बाजेचा एकेक पाय हलवून बघत होते.